रविवार, संध्याकाळी सात: एका छापखान्याच्या बॅकअपचं प्रकरण

१३ मे २०१९, सोमवार. सकाळी साडेनऊला छापखानेवाल्या काकांचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या बसमध्ये बसलो होतो.

“सर, मशीन टकटक करून रायलं जी. पडद्यावर सारं काळंच आहे.”

मागून त्यांच्या सुनेचा, म्हणजे ताईंचा, आवाज आला, “मामाजी, नीट सांगा ना सरांना. काल रातच्यानंच डी ड्राइव्ह दिसून नव्हता रायला म्हणा.”

मी एकच सांगितलं: मशीनची पिन काढा आणि मी येईपर्यंत पुन्हा लावू नका. टकटक करणारी हार्डडिस्क म्हणजे आतलं हेड जागा शोधतं, सापडत नाही म्हणून परत फिरतं, पुन्हा शोधतं. दर वेळी मशीन चालू केलं की ती मरणाच्या दिशेनं एक पाऊल टाकते. काकांनी तोवर सात वेळा चालू करून पाहिलं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण त्या मशीनवरचा बॅकअप पाच वर्षांपूर्वी मीच लावून दिला होता. “आता चिंता नाही काका” हे वाक्यही माझंच.

छापखाना वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातला, जामकडून गिरडला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या गावात. पुढच्या खोलीत कंप्युटर, लेझर प्रिंटर आणि नमुन्याच्या पत्रिकांचे अल्बम. मागच्या खोलीत मिनी ऑफसेट आणि स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल. ऑफसेट काका चालवतात, पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रामवरची जुळणी सून करते. ती पूर्वी माझ्याकडे एमएस-सीआयटीला होती, म्हणून मी त्यांचा सर आणि त्या माझ्या ताई.

इथं काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच आहे. लग्नपत्रिका म्हणजे नावांची यादी. प्रेषक कोण, विनीत कोण, कुणाचं नाव कुणाच्या वर, जावयाला ‘श्री’ पुरेल की ‘मा. श्री.’ लागेल. एका घरची यादी पहिल्यांदा जुळवताना चार फेऱ्या होतात, दोन रुसवे निघतात. पण एकदा ठरली की ती पत्रिका त्या घराचा दस्तऐवज होते. पाच-सहा वर्षांनी धाकट्या मुलीचं लग्न निघालं की माणूस येतो आणि म्हणतो, “मागच्यासारखीच काढा, फक्त आजीच्या नावामागं ‘स्व.’ लावा.” ताई जुनी फाइल उघडतात, ‘सेव्ह अ‍ॅज’ करतात, अर्ध्या तासात ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठीची पारदर्शक कागदावरची प्रत, निघतं. तेरवीच्या कार्डाचं तर आणखी घाईचं. निरोप सकाळी येतो आणि कार्ड संध्याकाळी गावोगाव पोचायला लागतं. त्याशिवाय किराणावाल्यांची बिलबुकं, जिनिंगच्या वजनपावत्या, ग्रामपंचायतीचे नमुने. २००८ पासूनचं हे सगळं वर्षांच्या फोल्डरांत लावलेलं होतं, डी ड्राइव्हवर. माझ्या मते ऑफसेट मशीन चोरीला गेलं असतं तरी काका दोन महिन्यांत उभे राहिले असते. डी गेला तर तसं नव्हतं.

मशीन २००८ सालचं. कोअर टू डुओ, ८० जीबीची डिस्क, विंडोज एक्सपी, नागपूरहून जोडून आणलेलं. जोडणाऱ्यानं डिस्कचे दोन भाग पाडले, सी मोठा आणि डी ३० जीबीच्या आतबाहेर. डी त्यानं फॅट-३२ या डिस्कवर फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केला. तेव्हा बरेच जण तसं करायचे, विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीवरूनही तो भाग वाचता यावा म्हणून. एक्सपीत ३२ जीबीपर्यंतचाच भाग फॅट-३२ करता येतो. डी त्यात बसत होता.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला आधार देणं थांबवलं. त्याच उन्हाळ्यात मी सी वर विंडोज ७ टाकलं, मुद्दाम ३२ बिटचं. पेजमेकर ७ हा २००१ चा प्रोग्राम, आणि ताईंकडच्या श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामच्या डोंगलचा (जी लावल्याशिवाय तो प्रोग्राम चालत नाही त्या यूएसबीच्या किल्लीचा) ड्रायव्हरही ३२ बिटचाच होता. डी ला मी हात लावला नाही. चालू काम मोडू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी तो धडा मी जरा जास्तच पाळला.

मग बॅकअप. काकांनी ५०० जीबीची बाहेरची हार्डडिस्क आणली होती. विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मधून बॅकअप लावायचा असतो. ते मोजकेच प्रश्न विचारतं. बॅकअप कुठं ठेवायचा? बाहेरची डिस्क दाखवली. काय काय घ्यायचं? दोन पर्याय असतात, ‘लेट विंडोज चूज’ आणि ‘लेट मी चूज’. पहिल्यासमोर ‘रेकमेंडेड’ असं लिहिलेलं असतं. मी पहिला घेतला. शेवटी वेळापत्रक दिसतं: दर आठवड्याला, रविवार, संध्याकाळी ७ वाजता. ते मी वाचलंही असेन, बदललं नाही. ‘सेव्ह सेटिंग्ज अँड रन बॅकअप’ दाबलं, चहा घेतला, तोवर बॅकअप पूर्ण झाल्याचं दिसलं. घरी गेलो.

पाच वर्षांनी त्या चहाचा हिशेब लागला.

सोमवारी दुपारी मी मशीनला हात न लावता आधी बाहेरची डिस्क मागितली. ती ताईंच्या कपाटात रुमालात बांधलेली निघाली. माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्यातही कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ नावाचाच भाग ठेवला आहे, आणि तिथून दुसऱ्या मशीनचा बॅकअप उघडता येतो. तसं नसतं तरी त्या डिस्कवर कंप्युटरच्या नावाचा फोल्डर असतो, त्यात तारखेचे संच आणि प्रत्येक संचात साध्या झिप फाइली. घाईत एखादी फाइल हवी असेल तर नुसती झिप उघडली तरी चालतं.

संच मोजले. पाच वर्षांत आठवड्याला एक याप्रमाणे अडीचशेच्या वर व्हायला हवे होते, कारण फाइल बॅकअप पहिल्यांदा पूर्ण घेतला जातो आणि पुढं बदललेलं तेवढंच जमा होत जातं. तारखा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेवटची २४ फेब्रुवारी २०१९.

“त्या दिवशी काय होतं?” मी विचारलं.

ताई आठवत बसल्या. त्यांचा पुतण्या हसू दाबत म्हणाला, “सर, हळदीचे गाणे भरले होते मी त्यात.”

मागच्या तारखाही तपासल्या. शिवजयंती, गणपती, कुणाचं तरी लग्न. बॅकअप झाला तो प्रत्येक वेळी गाण्यांच्या पुण्याईनं. रविवारी संध्याकाळी सातला दुकान तसं बंदच, आणि उघडं असलं तरी डिस्क कपाटात. पुतण्या गाणी भरायला डिस्क जोडायचा त्या रविवारी तेवढा विंडोजचा हात डिस्कपर्यंत पोचायचा. विंडोजनं तक्रार केली नव्हती असंही नाही. खालच्या पट्टीत पांढरा झेंडा यायचा, बॅकअप तपासा म्हणून. पत्रिका जुळवताना मधेच फुगा उघडतो म्हणून पुतण्यानंच ‘अ‍ॅक्शन सेंटर’च्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपच्या सूचनेपुढची खूण काढून टाकली. मी त्याला रागावलो नाही. कामात व्यत्यय आणणारी सूचना कुणीही बंद करतं, मीही केली असती.

एवढ्यावर भागलं असतं तर फक्त अडीच महिन्यांचं काम गेलं असतं. संच उघडल्यावर दुसरं दिसलं. आत डेस्कटॉप होता, डॉक्युमेंट्स होतं, पिक्चर्स होतं. डी नव्हता. एकाही तारखेच्या संचात नव्हता.

इथं मला थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

‘लेट विंडोज चूज’ म्हणजे विंडोज घेतं तरी काय? प्रत्येक वापरकर्त्याच्या लायब्ररी (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे), डेस्कटॉप आणि नेहमीचे ठरलेले फोल्डर. डी वर स्वतः बनवलेला ‘२०११ लग्न’ नावाचा फोल्डर त्याच्या हिशेबात नसतो, तुम्ही तो लायब्ररीत घातलेला नसेल तर. म्हणजे ‘लेट मी चूज’ निवडून डी वर खूण केली असती तर वाचलो असतो? तेही नाही. विंडोज ७ चा फाइल बॅकअप फॅट पद्धतीच्या ड्राइव्हवरच्या फाइली घेतच नाही. प्रोग्रामच्या फाइली आणि रिसायकल बिन जसं वगळतं, तसंच हे. मदतीच्या पानावर ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पान मी २०१४ मध्ये उघडलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट. विंडोजला निवडू दिलं तर ते फाइलींबरोबर सी ची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सिस्टिम इमेजही घेतं, पण एका अटीवर: जिथं ठेवायची ती डिस्क फॅट-३२ नव्हे तर एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीची हवी आणि तीवर जागा हवी. आमची बाहेरची डिस्क कारखान्यातूनच फॅट-३२ होऊन आली होती. ती तशीच ठेवण्यामागंही कारण होतं, घरातला डीव्हीडी प्लेयर फॅट-३२ शिवाय काही वाचत नव्हता. फाइल बॅकअप अशा डिस्कवर झाला, कारण तो छोट्या छोट्या झिपमध्ये जातो. इमेज मात्र कधीच झाली नाही. आतला डी फॅट-३२ म्हणून फाइली गेल्या नाहीत, बाहेरची डिस्क फॅट-३२ म्हणून इमेज गेली नाही. एकाच रोगानं दोन बैल बसले.

त्या दिवशी एक तेरवीचं कार्ड अडलं होतं. ते मी माझ्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, टाइप करून दिलं. काकांना अक्षर आवडलं नाही, पण वेळ नव्हता.

आता मेलेल्या डिस्कचं. गावातून सल्ले आले, त्यातला सर्वांत आवडता म्हणजे डिस्क पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा. कृपा करून ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी साचतं आणि उरलंसुरलं संपतं. कूलरसमोर ठेवणंही तसंच. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी खसाचे कूलर लागतात, आणि लोक मशीनला गार वाटावं म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडं करतात. ती हवा ओली असते. मशीनला साधा पंखा पुरतो.

डाटा काढून देणाऱ्यांचे नागपुरातले दर ऐकून काका गप्प झाले. मी म्हटलं, माझ्या हातानं एक प्रयत्न करतो, पण डिस्क हातची गेली तर पुढं तेही काही करू शकणार नाहीत. काकांनी ताईंकडं पाहिलं. ताई म्हणाल्या, “करा सर.” ही जबाबदारी आजही मला जड वाटते. टकटक सतत असती तर मी नाही म्हटलं असतं. डिस्क थंड असताना काही मिनिटं नीट फिरत होती, म्हणून धजावलो.

डिस्क काढून घरी नेली आणि लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी, विंडोज नसलेली प्रणाली) डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चालवला. साध्या कॉपीत अडचण अशी की खराब जागा लागली की ती तिथंच डोकं आपटत राहते. डीडीरेस्क्यू आधी सोपं सोपं उचलतं, अडलेलं सोडून पुढं जातं आणि कुठपर्यंत आलो याची नोंद एका फाइलीत ठेवतं. त्यामुळं मधे थांबवता येतं. पहाटे तीन ते सहा, त्यातल्या त्यात गारव्याच्या वेळी चालवायचं, टकटक सुरू झाली की बंद, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. फाइली उघडून पाहण्याचा मोह टाळला. आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर, मग त्या प्रतिमेतून फाइली.

पाच पहाटा लागल्या. डी जवळजवळ सगळा आला. २०१६ च्या फोल्डरातल्या काही पत्रिका आणि एका जिनिंगचं पावतीपुस्तक तेवढं फुटकं निघालं. सी चा शेवटचा भाग मात्र आला नाही, आणि ताईंचं चालू काम तिथंच, डेस्कटॉपवर होतं. मार्च ते मे, ऐन लगनसराईतलं. अक्षय्य तृतीया ७ मे ला होऊन गेलेली, म्हणजे सर्वांत गर्दीच्या आठवड्यांचं काम त्यात. २४ फेब्रुवारीपर्यंतचा डेस्कटॉप बॅकअपमधून मिळाला, पुढचा कागदी प्रुफांवरून पुन्हा टाइप केला. थोडक्यात, ज्याचा बॅकअप नव्हता तो डी नशिबानं वाचला, आणि ज्याचा होता तो डेस्कटॉप अर्धा गेला.

फाइली आल्या म्हणजे काम झालं असं मला वाटत होतं. नवीन डिस्कवर विंडोज ७, पेजमेकर टाकलं, २०१२ ची एक पत्रिका उघडली. ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा यांची खिचडी. नवख्या माणसाला वाटेल फाइल बिघडली. ती बिघडलेली नव्हती. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षर हे मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. फाइलीत असतात ते नुसते संकेतांक, त्यांना ‘श’ किंवा ‘वि’चं रूप देतो तो फॉन्ट. तो फॉन्ट नसेल तर ‘शुभविवाह’ कोणत्याच कंप्युटरला कळत नाही. फॉन्ट असतात विंडोजच्या फोल्डरात, आणि तो फोल्डर फाइल बॅकअपमध्ये येत नाही. सिस्टिम इमेज असती तर आले असते. ती का नव्हती ते वर आलंच.

फॉन्टची मूळ सीडी मिळायला दोन दिवस गेले. ती नमुन्याच्या अल्बममध्ये, चांदीच्या वर्खाच्या पत्रिकांमागं होती. डोंगल सुदैवानं यूएसबीला लागलेलंच होतं.

मग सगळं नव्यानं मांडलं. या वेळी सेटिंगच्या खिडकीपासून सुरुवात केली नाही. ताईंच्या शेजारी एक पूर्ण दिवस बसलो आणि त्या काय कुठं ठेवतात ते पाहिलं. चालू काम डेस्कटॉपवर, कारण काका येऊन विचारतात तेव्हा चटकन दाखवता यावं. संपलेलं काम महिनाअखेरीला डी वर. गणपतीची, वेलबुट्टीची चित्रं प्रोग्रामच्या फोल्डरात. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘फायनल मामा बदलून’. मी काहीच बदलायला सांगितलं नाही. वर्षानुवर्षांची सवय बदलेल या भरवशावर उभारलेला बॅकअप महिनाभर टिकला असता.

नवीन डिस्क २४० जीबीची एसएसडी. सी आणि डी दोन्ही एनटीएफएस. बाहेरच्या डिस्कवरचे जुने संच आधी माझ्या लॅपटॉपवर घेतले आणि तीही एनटीएफएस केली. गाण्यांसाठी पुतण्याला वेगळा पेन ड्राइव्ह घेऊन दिला, फॅट-३२ चा, डीव्हीडी प्लेयरचा मान राखून. (ज्यांच्याकडं आजही असा जुना फॅट-३२ चा डी आहे त्यांनी पुसायची गरज नाही. ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा आतल्या फाइली न पुसता एनटीएफएस करते, ड्राइव्हचं नाव तेवढं बरोबर टाइप करावं लागतं. पण त्याआधी फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवा, कारण हा रस्ता एकेरी आहे.)

बॅकअपला या वेळी ‘लेट मी चूज’ घेतलं. ताईंच्या लायब्ररी आणि डेस्कटॉप, आणि डी पूर्ण. फोल्डर एकेक करून निवडले असते तर पुढच्या जानेवारीत बनलेला नवीन वर्षाचा फोल्डर बाहेर राहिला असता, म्हणून अख्ख्या ड्राइव्हवरच खूण. डी वर ‘साहित्य’ नावाचा एक फोल्डर केला: सगळे फॉन्ट, सीड्यांच्या प्रती, डोंगलचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर.

वेळ ठरवायला मात्र अर्धा तास गेला. रोज घ्यायचा की आठवड्यानं? ताई म्हणाल्या, रोज डिस्क जोडणं होणार नाही, खोटं कायले बोलू. मग बुधवार, दुपारी दीड. त्या वेळी गावठाण फीडरची लाइन सहसा जात नाही, ट्रेसिंगं निघालेली असतात आणि ताई जेवायला घरात जातात. जाताना डिस्क जोडायची, येऊन काढायची. कायम जोडून ठेवायची नाही असं मी आवर्जून सांगितलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा सर्वाधिक फटका विंडोज ७ च्याच मशीनना बसला होता, आणि असा व्हायरस जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. बंद केलेल्या सूचना पुन्हा चालू केल्या. आता तो झेंडा आला की ताई पुतण्याकडं पाहतात.

सिस्टिम इमेज आठवड्याच्या बॅकअपमध्ये ठेवली नाही, जागा खाते आणि सी वरचं विंडोज, प्रोग्राम काही रोज बदलत नाहीत. सगळं लावून झाल्यावर एकदा हातानं घेतली. ‘मॅनेज स्पेस’मध्ये फक्त शेवटची इमेज ठेवण्याचा पर्याय आहे, तो निवडला. दुरुस्तीची सीडीही तिथंच बनवता येते. ३२ बिटच्या विंडोजला ३२ बिटचीच लागते, हे सीडीवर मार्करनं लिहून ठेवलं, कारण अडचणीच्या वेळी मी असेनच असं नाही.

विंडोज ७ चा हा बॅकअप एका वेळी एकच ठिकाण लक्षात ठेवतो. दुसऱ्या डिस्कसाठी म्हणून वेगळी युक्ती. रोबोकॉपी हा प्रती काढणारा प्रोग्राम विंडोज ७ मध्ये आधीपासून असतो. डी ची जशीच्या तशी प्रत करणारी चार ओळींची बॅच फाइल लिहून डेस्कटॉपवर ठेवली. एमआयआर हा पर्याय जाणूनबुजून वापरला नाही. तो दोन्हीकडं तंतोतंत सारखं करतो, म्हणजे इकडं चुकून पुसलेली पत्रिका तिकडूनही पुसतो. थोडा कचरा जमला तर जमू दे. ही दुसरी डिस्क काकांच्या घरी, दुकानात नाही. महिन्यातून एकदा काका ती जेवणाच्या डब्याबरोबर घेऊन येतात.

आणि दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी परीक्षा. कुठलीही एक जुनी पत्रिका बॅकअपमधून काढायची, मूळ जागी नाही, ‘तपासणी’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात, आणि उघडून छापून पाहायची. ऑगस्टमध्ये याच परीक्षेत एक भोक सापडलं. पत्रिका उघडली, अक्षरं नीट, पण गणपतीच्या जागी नुसती धूसर आकृती. पेजमेकर मोठं चित्र पोटात घेत नाही, ते कुठं ठेवलं आहे त्याचा पत्ता लिहून ठेवतं. परीक्षेसाठी फाइल मी मुद्दाम माझ्या लॅपटॉपवर उघडली होती, आणि चित्रं होती छापखान्यातल्या मशीनच्या प्रोग्रामच्या फोल्डरात, म्हणजे बॅकअपबाहेर. सगळी चित्रं डी वर आणली, नेहमीच्या साठएक पत्रिकांना नवीन पत्ते जोडून दिले. ताईंना हे काम भयंकर कंटाळवाणं वाटलं, आणि ते होतंच.

१४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चाही आधार संपला. त्याआधीपासूनच त्या मशीनची नेटची वायर आम्ही काढून टाकली होती. ग्राहकाला प्रूफ पाठवायचं तर चित्र करून पेन ड्राइव्हवर, तिथून पुतण्याच्या लॅपटॉपवर, तिथून व्हॉट्सअ‍ॅप. लांबचा रस्ता आहे, पण आजारी माणसाला जत्रेत नेऊ नये तसं आहे ते. मशीन बदला असं मला अनेक जण सुचवतात. डोंगल, पेजमेकर आणि २००८ पासूनच्या फाइली एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसल्या आहेत, एकट्याला उठवता येत नाही.

मागच्या दिवाळीनंतर गेलो होतो. तुळशीचं लग्न लागलेलं, पत्रिकांचा हंगाम सुरू. ताईंनी चहा ठेवला आणि सहज विचारलं, “सर, साऱ्याचा बॅकअप आहे. अन् हे डोंगलच बिघडलं तर?”

त्याचा बॅकअप होत नाही, असं मला सांगावं लागलं.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. रिकाम्या दुपारी त्या एकेका घरची नावांची यादी युनिकोडमध्ये घेत आहेत. रूपांतर करणारा प्रोग्राम आहे, पण तो जोडाक्षरांवर अडखळतो, म्हणून प्रत्येक यादी डोळ्यांनी वाचावी लागते. आडनावांच्या क्रमानं चाललं आहे. त्या दिवशी ‘ढ’ संपून ‘त’ सुरू झाला होता.